रिसीव्हरची घूं

बाबा,

मी सातच्या बसनं चंद्रपूरले चालली. रेडिओच्या रिसीव्हरचं झाकण पुन्हा उघडू नोका. वायर काढली तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरमंधी करंट राह्यते, हे तुम्हीच मले शिकवलं होतं.

काल म्हटलं का कपॅसिटरची अजून एक जोडी आणाले चालली, ते खोटं होतं. जुने दोन फुगले होते म्हणून सेट घूं करे. ते बदलले त्याच दिवशी घूं गेली. मी स्पीकरले कान लावून पाह्यला, आईनंही लावला. तुम्ही म्हणाले, आहेच. मी दुसरी जोडी टाकली, तरी आहेच. मंग पोरीले सोल्डरिंग जमत नाई म्हणून राजुराभर सांगत फिरले. मले लय राग आला, बाबा. माहा हात पक्का आहे.

तुम्ही बत्तीस वर्षं खाणीत ड्रिल मशीन चालवली, कानात नुसता कापूस घालून. आता आई दोनदा हाक मारते ते आयकू येत नाई, अन् तुम्ही सेटवर खेकसता.

मी कानाच्या डॉक्टरकडं नंबर लावाले चालली. उद्या तुमाले यावंच लागन. भाजी झाकून ठेवली आहे. चिडाचं तर माह्यावर चिडा, आईवर नोका.

काल जेवण झाल्यावर तुम्ही खुर्चीत डोळे मिटून बसले होते. म्हणाले, "आयक, अजून घूं येऊनच राह्यली." तवा सेटची पिन भिंतीतून काढून माह्या हातात होती.

रंजीता