गठ्ठ्यातला माझा राजीनामा

प्रिय मामांना,

भाच्याचा वाकून नमस्कार. मी इकडे धड आहे आणि तुम्ही सगळे तिकडे धड असाल असं धरून चालतो. मामीचा खोकला गेला का? तुमचा गुडघा कसा आहे? (गुडघ्याचं उगाच विचारत नाही, पुढं कळेल.) अक्षराला हसू नका. मुंग्यांनी शाईत पाय बुडवून कवायत केल्यासारखं ते दिसतं आणि जगात फक्त तुम्हालाच लागतं, हे मला ठाऊक आहे. पण या वेळी त्याच अक्षरानं मला तारलं, आणि त्यानंच पार अडकवलंही.

आमची छोटी नगरपालिका शेजारच्या मोठ्या महापालिकेत जाणार, हे तुमच्या कानावर आलं असेल. एक तारखेला दारावरची पाटी उतरणार. हे कळल्यापासून ऑफिसात कोणी कोणाला चहा विचारत नाही. पाणीपट्टीवाले काका तीस वर्षं अकराच्या आत कधी उगवले नाहीत, ते आता साडेनऊला येऊन खुर्ची घट्ट धरून बसतात, जणू ती चालायला लागेल. (तिला आधीच चार पाय आहेत, त्यामुळे भीती अगदीच खोटी नाही.) हुकूम असा, की ज्याचा कसलाही अर्ज पडून नाही त्याला नव्या ऑफिसात घेणार, आणि ज्याचा पडून असेल त्याचा आधी निकाल लावणार. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मला तेवढा सोडता येईना. कारण मामा, रागावू नका, मी नोकरीला लागून तिसऱ्याच महिन्यात राजीनामा दिला होता.

तुम्ही माझ्यासाठी चार दिवस साहेबांच्या दारात उभे राहिलात, शिपायाला शोभेल असा झाकणाच्या खिशाचा शर्ट शिवलात, हे सगळं आठवत होतं. पण दिवसभर स्टुलावर बसून घंटीची वाट बघायची हे माझ्या पायांना पटेना. बेकरी सोडली, बर्फाचा कारखाना सोडला, पण ती निदान पळापळीची कामं होती. हेडक्लार्कबाईंनी माझा कागद घेतला, जरा डोळे बारीक करून बघितला आणि म्हणाल्या, "मुरू दे थोडा." ही त्यांची जुनी रीत. रागाच्या भरात दिलेला कागद त्या पुढं पाठवतच नाहीत, एका लाल फडक्यात बांधून ठेवतात. माणूस निवळला की आपण होऊन परत न्यायला येतो. मीही निवळलो. फायली पोचवता पोचवता कुठल्या टेबलाचा कुठला पाय लंगडा हे पाठ झालं, बाई डबा उघडला की मला हाक मारायला लागल्या. कागद परत न्यायचा तेवढा राहून गेला.

गेल्या आठवड्यात सामान बांधताना ते फडकं बाकीच्या दीडशे लाल फडक्यांत मिसळलं. बाईंनी चष्मा काढून पुसला. (त्या चष्मा पुसतात म्हणजे प्रकरण हाताबाहेर.) आता गठ्ठे वाहणार कोण, तर शिपाई. म्हणजे माझा राजीनामा मीच डोक्यावरून नव्या साहेबांना नेऊन देणार! म्हणून गठ्ठे भरलेल्या टेम्पोत चढलो आणि एकेक गाठ सोडत बसलो. दुपार कलताना सापडलं. काय सांगू, त्या फडक्यात आमचं सगळं ऑफिस होतं. काकांचे दोन राजीनामे, ड्रायव्हरचा एक, आणि तळाशी खुद्द बाईंचा, पिवळा पडलेला, माझ्या जन्माच्या आधीचा. ज्याचा त्याला नेऊन दिला. काकांनी दोन्ही वाचले आणि पहिल्यांदाच मला स्वतः चहा आणून दिला. बाईंनी घडी घालून पर्समध्ये ठेवला.

शेवटचा माझा कागद हातात उरला, आणि नेमके नवे साहेब पाहणीला दारात उभे. कागद घेतला, उलटा धरला, सुलटा धरला. "काय लिहिलंय हे? तूच वाच." मागं बाई चष्मा पुसतायत. मग मी एका दमात वाचलं, की माझ्या मामांचा गुडघा फार दुखतो, त्यांनी मला माणसात आणलं, तरी दोन दिवसांची रजा मिळावी. साहेब म्हणाले, मामाची एवढी काळजी हल्ली कोण करतो, आणि तिथल्या तिथं 'मंजूर' लिहून तारखेसकट झोकदार सही करून कागद माझ्याच हातात दिला.

अशी गत आहे, मामा. नव्या यादीत बाईंनी माझं नाव स्वतःच्या हातानं चढवलंय, आणि अख्ख्या नगरपालिकेत मंजूर झालेला राजीनामा एकच, तोही माझा. रजा मिळूनही येता येत नाही, कारण रजेचा कागद म्हणून दाखवायचा तो हाच. नव्या ऑफिसात अक्षर लागणारा कोणी निघाला तर संपलंच. फाडावा तर साहेबांची सही, हात धजत नाही.

तुमचा, आजच्या तारखेला तरी नोकरीत असलेला,
भाचा

ता. क. कोणी चौकशीला आलंच, तर निदान आठवडाभर लंगडत चाला.

ता. क. दुसरा. तो कागद सोबत पाठवतोय. तुमच्या काळ्या कोटाच्या अस्तरात शिवून टाका. मी कधी तणतणत आलो आणि पाया पडून मागितला, तरी देऊ नका.

ता. क. तिसरा. टाके मात्र जरा मोठे घाला.