टाकीतलं विरजण

बाबा, शेजारच्या अंकलची माशांची टाकी मी जवळजवळ मारली होती आणि ती तुमच्या दह्यामुळे वाचली, हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. तेव्हा मी पुण्यात होते, आता २०१६ साल चालू आहे आणि मी सिंगापूरला बुकित पंजांगमध्ये दहाव्या मजल्यावर राहते. सॉफ्टवेअर तपासायची नोकरी करते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेते. यावर तुम्ही आईकडे बघून काय म्हणाला असतात ते मला इथे बसून ऐकू येतंय.

अंकल म्हणजे आमच्या समोरच्या दारातले चिनी गृहस्थ. सत्तरी ओलांडलेली, गुडघे दुखरे, बोलणं तुटक पण माणूस गोड. त्यांच्या बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची टाकी आहे, आपल्या जुन्या दिवाणाएवढी लांब. त्यात केशरी-पांढऱ्या पट्ट्यांची एक जोडी, दोन-चार निळे मासे, आणि मधल्या दगडावर एक हिरवं प्रवाळ. सकाळी दिवा लागला की ते शेवंतीसारखं उमलतं. ते त्यांच्या बायकोनं स्वतः दुकानात निवडून आणलेलं. ती गेली, प्रवाळ राहिलं. अंकल रोज सकाळी त्याच्यासमोर खुर्ची टाकून कॉफी पितात आणि त्याच्याशी चिनीत काहीतरी बोलतात. मी एकदा विचारलं, काय सांगता त्याला? म्हणाले, "नथिंग. मार्केटमध्ये फिशचा भाव टेल हर." (हिंदी मालिका बघून आणि माझ्याशी बोलून त्यांनी दोन-चार आपले शब्द उचललेत, ते कुठेही पेरतात.)

तर पर्थला त्यांच्या मुलीला बाळ झालं आणि अंकल दोन महिन्यांसाठी तिकडे निघाले. किल्ली माझ्या हातात दिली आणि कागदाच्या दोन्ही बाजूंना भरभरून सूचना लिहून दिल्या. निघताना दारात पुन्हा बजावलं, "वन पिंच ओन्ली. फिश ऑलवेज हंग्री वन. डोन्ट बिलीव्ह." चिमूटभरच घाल, मासे नेहमीच उपाशी असल्याचं दाखवतात, विश्वास ठेवू नकोस. मी मान डोलावली. आणि बाबा, मी आईची मुलगी. पाहुणा ताटावर आडवा हात धरतोय आणि आई त्या हातावरून वाढतेय, हे बघत मी मोठी झाले. मी टाकीसमोर उभी राहिले की ती केशरी जोडी काचेला तोंड लावून अशी काही बघायची, की मला वाटायचं, चिमटीनं काय होतंय बिचाऱ्यांचं? एक चिमूट सकाळी, एक ऑफिसातून आल्यावर, आणि मग "घ्या अजून थोडं, कोण बघतंय" म्हणून एक. खाऱ्या पाण्यातल्या माशांना आग्रह करकरून वाढणारी या बेटावरची मी पहिलीच बाई असणार.

तिसऱ्या आठवड्यात दगडांवर हिरवी लव आली. मला वाटलं, छान दिसतंय. चौथ्या आठवड्यात त्या लवेचे केस झाले, बोटभर लांब, आणि ते प्रवाळाच्या अंगावर चढायला लागले. मग मी बाह्या सरसावल्या. दात घासायचा नवा ब्रश आणून दगड घासले, काच घासली, हातानं शेवाळ उपटलं. दोन दिवसांनी पुन्हा जैसे थे, वर नवं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय! शेवाळाला खत घालणारी मीच, आणि घासणारीही मीच.

मग एका शनिवारी माशांच्या दुकानात गेले. दुकानदारानं माझ्या मोबाइलवरचा फोटो बघितला, जीभ टाळ्याला लावून च् च् केलं आणि एक छोटी बाटली समोर ठेवली. आत करडं पाणी. म्हणाला, "बॅक्टेरिया, आंटी. डर्टी थिंग ऑल ही ईट. अल्गी नो फूड, डाय लोर." उरलंसुरलं अन्न आणि माशांची घाण कुजून पाण्यात जे खत तयार होतं, ते हे जिवाणू खाऊन टाकतात, शेवाळाची उपासमार होते, असं ते गणित. मला ते फार आवडलं. घरी येऊन बूच उघडलं तर वास असा, की नवऱ्यानं आतल्या खोलीतून विचारलं, "अगं, नासलं काय?" रोज संध्याकाळी मोजून टोपणभर टाकायला लागले. आठवडा गेला. शेवाळ जोमात. म्हणून दोन टोपणं. आणखी आठवडा गेला. शेवाळ त्याहून जोमात, आणि प्रवाळाचा एक कोपरा उमलायचा बंद झाला.

इकडे अंकल पर्थहून रोज व्हॉट्सअ‍ॅपवर विचारायचे, "हाऊ माय गर्ल?" माय गर्ल म्हणजे नात नव्हे, प्रवाळ. मी केशरी जोडीचा जवळून फोटो काढून पाठवायची. प्रवाळाचा पाठवलाच तर चांगल्या बाजूनं. खोटं असं मी एकही बोलले नाही, पण फोटो काढताना कुठे उभं राहायचं ते मला चांगलं कळायला लागलं होतं. ते एकच प्रवाळ, बाबा. दुसरं विकत मिळेल, पण त्याच्याशी ते बाजारभाव बोलणार नाहीत. आणि परत यायला जेमतेम तीन आठवडे उरले होते.

त्या रविवारी संध्याकाळी मी दही लावत होते. इथे सगळं विकत मिळतं, पण दही मी घरीच लावते. लिटिल इंडियातून आणलेलं स्टीलचं पातेलं आहे, आपल्याकडे होतं तसंच. दुधात बोट बुडवलं आणि चटका बसून मागे घेतलं. आणि तुम्ही ओट्याशी येऊन उभे राहिलात. बनियन, खांद्यावर पंचा, हाताला डेअरीच्या प्रयोगशाळेतला तो आंबूस वास. तुम्ही दिवसभर तिथे मोठाल्या भांड्यांत विरजणं वाढवायचात आणि घरी येऊन घरचं दहीही स्वतःच लावायचात, आईला हात लावू द्यायचा नाहीत. मी सात-आठ वर्षांची आहे. दर पाच मिनिटांनी झाकण उचलून बघतेय. तुम्ही माझ्या हातावर हलकेच चापट मारता. "झोपलंय का ते बघायला त्याला उठवू नकोस." आणि मग बोट दुधात बुडवून दाखवता. "दहा अंक मोजता आले पाहिजेत. त्याआधी बोट काढावंसं वाटलं तर विरजणाचाही जीव जाईल. ते जिवंत आहे, साखर नव्हे घातली की विरघळायला."

जिवंत आहे! मी तशीच ओल्या बोटानं अंकलच्या घरात गेले. टाकीखालच्या कपाटात एक निळा दिवा रात्रंदिवस जळत असतो. पाणी त्याच्या समोरून फिरतं आणि त्यातले जंतू मरतात. तो कशासाठी असतो हे मला ठाऊक होतं, कागदावर अंकलनी लिहिलंच होतं. दोन आठवडे मी वरून जिवाणू सोडत होते आणि खाली त्यांना भाजत होते. उकळत्या दुधात विरजण! बाटली उलटी केली तर मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं, हे टाकल्यावर तो दिवा आणि फेस काढायचं यंत्र काही तास बंद ठेवा. लोक सूचना वाचत नाहीत म्हणून ऑफिसात दिवसभर कपाळावर हात मारणारी मीच ती.

आता तरी शहाणपण यावं की नाही? पण तुम्ही मला उगीच उतावळी म्हणत नव्हता. दिवा बंद केला, यंत्र बंद केलं, आणि वाया गेलेले दिवस भरून काढायचे म्हणून अर्धी बाटली ओतली. आमच्या इमारतीजवळून उंच पुलावर छोटी लोकल जाते ना, तिच्या खिडक्या घरांपाशी आल्या की आपोआप धूसर होतात, लोकांनी आत डोकावू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी तशी झाली होती. पलीकडचं काही दिसेना. मासे वर येऊन तोंडं उघडून धापा टाकत होते, कारण एवढ्या जिवाणूंनी पाण्यातला प्राणवायूच संपवला होता. नवरा मागून डोकावला आणि म्हणाला, "अगं, टाकीचंच दही लागलं की." मी त्याच्याकडे असं बघितलं की तो धावत जाऊन हवा सोडणारा पंप घेऊन आला. ऑफिसला आम्ही दोघंही उशिरा गेलो.

मासे वाचले, एकूण एक. दोन दिवसांत पाणी निवळलं. त्यानंतर मात्र मी तुमच्या हाताखाली असल्यासारखी वागले. टोपणाचा चौथा हिस्सा, दिवा बंद, घड्याळ लावून चार तासांनी चालू. खाणं एक चिमूट. केशरी जोडी काचेला तोंड लावायची, मी पाठ फिरवायची. आणि आत हात घालायचा नाही. हे सगळ्यांत कठीण गेलं, पण झोपलेल्याला उठवलं नाही. दहाव्या दिवशी शेवाळ फिकट दिसलं. मग ते राखाडी झालं, आणि एका सकाळी प्रवाहात त्याचा एक पुंजका आपोआप सुटून वाहत गेला. बाबा, मी त्या रिकाम्या घरात एकटी उभी राहून टाळ्या वाजवल्या.

पण प्रवाळाचा तो कोपरा काही उमलला नाही. जवळजवळ निम्मं गेलं होतं, नुसता पांढरा दगड उरला होता. अंकल यायच्या आदल्या दिवशी मी दगड फिरवला. जिवंत बाजू पुढे, मेलेली भिंतीकडे. नवऱ्यानं विचारलं, "सांगणार आहेस ना?" मी म्हटलं, बघू.

अंकल आले. बॅग दारातच सोडून टाकीसमोर बसले आणि चिनीत बोलू लागले, बराच वेळ. बहुधा नातीबद्दल असावं. मी शेजारी कॉफीचा कप धरून उभी. शेवटी माझ्यानं राहवेना. जास्तीचं खाणं, शेवाळ, दिवा, अर्धी बाटली, फिरवलेला दगड, सगळं एका दमात सांगून टाकलं आणि सॉरी म्हणताना रडले. अंकलनी माझ्या हातातून कप काढून घेतला. म्हणाले, "आय नो. ट्वेल्व्ह इयर आय सी धिस रॉक एव्हरी मॉर्निंग. यू टर्न, आय डोन्ट नो मे?" बारा वर्षं रोज बघतोय, तू दगड फिरवलास तर मला कळणार नाही होय? मग वाकून खालचं कपाट उघडलं आणि अगदी मागून त्याच जिवाणूंच्या तीन रिकाम्या, धुळीनं माखलेल्या बाटल्या काढल्या. "फर्स्ट इयर आय ऑल्सो सेम. लाइट नेव्हर ऑफ. वाइफ स्कोल्ड थ्री डे." मी म्हटलं, तुम्हाला बसल्या बसल्याच कळलं होतं, तर बोलला का नाहीत? ते हसले. "वेट फॉर यू लाह. यू से, बेटर."

घरी येऊन मी ओट्याचा खण उघडला. त्यात तुमचा काचेचा थर्मामीटर आहे, लाकडी डबीतला. आणि त्यानंतर तुम्हाला हे लिहायला बसले, अंकलनीच दिलेल्या सूचनांच्या कागदाला जोडलेल्या कोऱ्या पानांवर. पाठवायचं नाहीच आहे, म्हणून वळण सांभाळलेलं नाही.

मी बारा वर्षांची होते त्या पाडव्याची गोष्ट. श्रीखंडासाठी तीन लिटर दूध, तुम्हाला डेअरीत थांबायचं होतं, म्हणून पहिल्यांदाच दही लावायचं काम माझ्याकडे आलं. सगळंच्या सगळं विरजण, तुम्ही लग्नापासून जपलेलं, एका वाटीत काढून दिलंत. सकाळी पातेल्यात दूधच होतं. तुम्ही विचारलंत, "कोमट होतं ना? बोट बुडवलंस?" मी म्हटलं, हो, दहा मोजले. तुम्ही पातेल्याकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत आणि आईला म्हणालात, "हवा बदलली असेल." मग वाटी घेऊन स्वतः खालच्या काकूंकडे विरजण मागायला गेलात. त्यांनी ते दोन वर्षांपूर्वी आपल्याकडूनच नेलं होतं, यावर तुम्ही दोघं जिन्यात केवढे हसलात. पाडव्याला शेवयांची खीर झाली. आणि पुढच्या आठवड्यात तुम्ही मला हा थर्मामीटर आणून दिलात. आईला म्हणालात, पोरीला शास्त्राची आवड आहे. मी तो शाळेत सगळ्यांना दाखवला. कितीतरी वर्षं मला ते बक्षीसच वाटत होतं.

बाबा, खाली लगोरीचा डाव लागला होता. दूध गरम होतं. मी बोट बुडवलंच नव्हतं.