एका बिंदूला दिलेला पीळ

बुधवार, संकष्टी. अमरावती.

वरूडहून एस.टी.नं तुटलेला शाफ्ट आला, पोत्यात बांधून. पार्सलचे ऐंशी रुपये. संत्री निवडायच्या मशीनचा फिरता दांडा आहे. तो तुटला तेव्हा तिथं कामाला असलेल्या सुमनबाईंची दोन बोटं गेली.

मशीनचे मालक देवरावभाऊ फोनवर शाफ्ट घडवणाऱ्या खरादवाल्याला शिव्या देऊन राहिले होते, लोखंडच खोटं म्हणे. पण शाफ्ट किती जाड हवा, हे आमच्या मेघानं कॉम्प्युटरवर काढून दिलं होतं. आज तिनं ते पुन्हा उघडलं आणि मला जवळ बोलावलं.

"आई, कॉम्प्युटरात शाफ्ट म्हंजे बारीक बारीक ठोकळे. त्यायचे कोपरे सरकतात, फिरत नाहीत. मी सगळा पीळ मधल्या एका बिंदूले देला. तो शाफ्टले लागलाच नाही, अन् मले वाटलं शाफ्ट मजबूत आहे."

म्हणजे ओलं लुगडं एका बोटानं पिळल्यासारखं. चहूकडून मुठीत धरायला हवं होतं.

"मंग हातानं हिशेब करून काहून नाही पाहिला?"

"तूच म्हने ना, दसऱ्याचा मुहूर्त चालला, देऊन टाक."

म्हटलं होतं मी. हिशेबाच्या कागदाला कुंकूही मीच लावलं. दोन बोटं. उपास सोडवेना.

तसाच शाफ्ट देवरावभाऊंच्या अकोल्याच्या मशीनमध्ये आहे, ते उद्या सकाळी सुरू होणार. मेघा म्हणते, कळवायला दोन दिवस थांब, माझं नाव जाईल. जाईलच. शेवटी मीच मोबाइलवर लिहून पाठवलं: "देवरावभाऊ, खरादवाल्याचा दोष नाही. चूक आमच्या घरची आहे. अकोल्याचं मशीन चालू करू नका. वाचल्याबरोबर उलट कळवा."