सुकरीबाईंचा अंगठा

जिवती, ६ फेब्रुवारी २००९
सुकरीबाईंचं पेन्शनचं कार्ड आज तिसऱ्यांदा अडलं. जन्मभर बांबू सोलला, बोटावर रेषाच उरल्या नाहीत! मशीन अंगठा घेईना. आमच्या कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साहेबांना फोन केला. म्हणाले, बनलेल्या कार्डाचं कमिशन मिळतं, न बनणाऱ्यात वेळ घालवू नको. बँक म्हणते, चोरी थांबावी म्हणून सरकारनेच अंगठा सक्तीचा केलाय, आम्ही काय करणार. चोरी थांबली खरी – बाईंचं पेन्शनही थांबलं.
शेवटी माझाच अंगठा टेकवला. मशीनने मुकाट घेतला.

१० मार्च
पेन्शनचं वाटप. कार्ड बाईंचं, अंगठा माझा, पैसे त्यांच्या हातात. जाताना विचारलं, जेवलास का? इथे एवढं विचारणाऱ्या त्या एकट्याच. गाव गोंडीत बोलतं, मी मशीन घेऊन बसतो. मशीनवाला म्हणूनच ओळखतात, जुबेर हे नाव कोणाला माहीत नसावं.

२ एप्रिल
आज कोणाशीच बोललो नाही.

१४ मे
बदली! ब्रह्मपुरी! घरी जायला मिळणार. इकरा मागच्या वेळी मला पाहून अम्मीच्या, शमीमच्या मागे लपली होती. बापाला ओळखत नाही पोर – किती रडू आलं होतं.
बॅग भरताना ध्यानात आलं. मी गेलो की बाईंचा अंगठाही गेला! खरं सांगावं तर फसवणुकीची केस, ती ऑपरेटरवर, म्हणजे माझ्यावर. करारातच लिहिलंय. कंपनी सुटते, बँक सुटते.

१९ मे
बाईंना सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "जाय ना बापू, लेकरू वाट पाहून राह्यलं. अंगठा तेवढा ठेवून जाय."
मला हसता आलं नाही.

२३ मे
चार्ज घ्यायला नवा ऑपरेटर आला – अंकुश, सिंदेवाहीकडच्या एका गावातून बदलून. त्याला सगळं सांगून टाकलं. तक्रार करेल, नोकरी जाईल, जाऊ दे.
तो म्हणाला, "तुमची एकच काय, भाऊ? माह्या अंगठ्यावर अकरा म्हाताऱ्या होत्या."
मी विचारलं, आता त्यांचं कसं?
"मी तं इथी आलो ना."
चार्ज दिला नाही. भरलेली बॅग रिकामी केली. शमीमला काय सांगायचं, सुचत नाही.