आबांचा नकार

३ सप्टें.
आबा अजून दवाखान्यातच. व्हायरल न्यूमोनिया. सकाळी ताप उतरला म्हणून दादाला पुण्याला फोन लावत होते, तेवढ्यात नर्सनं हाक मारली. ऑक्सिजन खाली. ताप उतरल्यावर बिघडतं? डोकं चालेना.

४ सप्टें.
डॉ. म्हणाले, व्हायरस जवळजवळ संपलाय. आता नुकसान त्यांचंच शरीर करतंय.
"म्हणजे कसं?"
"समोरचा चीत झालाय ताई, पण आपला गडी सोडायला तयार न्हाय."
प्रतिकारशक्तीला आवर घालायचा, स्टेरॉइड द्यायचं. आणि मी महिनाभर ती वाढावी म्हणून काढे पाजतेय. हसू की रडू.
आबांनी नेमका 'स्टेरॉइड' शब्द ऐकला. मास्क बाजूला करून म्हणाले, "त्या सुईपायी पोरं तालमीतनं हाकलल्यात मी. मला नगं."
ती अंग फुगवायची, ही सूज उतरवायची, सांगून दमले. "सुई ती सुई." वस्ताद बापापुढं कोण बोलणार. जन्मभर हेच.

५ सप्टें.
दुपारपासून ग्लानीत. मला आई म्हणाले.
दादा फोनवर: "तू हायस तितं, तूच ठरव." म्हणजे बरं झालं तर सगळ्यांचं, वाईट झालं तर माझं. संताप झाला.
सुईच्या संमतीपत्रावर सही केली. आबांच्या मनाविरुद्ध आयुष्यात केलेली ही दुसरी गोष्ट. पहिली, लग्न.

७ सप्टें.
ऑक्सिजन सुधारतोय. दोन-चार चमचे पेज घेतली. जिन्यात जाऊन पोटभर रडले.
संध्याकाळी आबांनी विचारलंच. "सुई दिलीस न्हवं?"
मी एका हातानं उशी नीट करत बसले. खोटं बोलवेना, खरंही. त्यांनी माझ्या हातातला हात काढून घेतला.

८ सप्टें.
बोलत नाहीत. डॉ. म्हणतात, मधेच थांबवलं तर फुप्फुसाची सूज परत चढेल, अजून काही दिवस द्यावंच लागेल. पण आता आबा शुद्धीवर आहेत, होकार त्यांचाच हवा.
म्हटलं, मीच विचारते.
विचारलं. भिंतीकडं तोंड फिरवलं. मग हळूच, "तालमीतल्या पोरास्नी काय सांगू गं मी?"
नर्स ट्रे घेऊन आली होती. तिला म्हटलं, थोडं थांबा, आबा अजून हो म्हणाले नाहीत.