दिवे बंद करून जाणारा खुनी

३ मार्च
वाचनालयातून गुन्हेगारांच्या मानसशास्त्रावरचं पुस्तक आणलं. खुनी न बघताच त्याचं वर्णन करता येतं म्हणे. त्याला प्रोफाइल म्हणतात. मला जमेल. शहरात तिसरा खून झालाय. पेपरात एकच कामाची ओळ: तिन्ही घरांतले दिवे बंद होते. पोलिसांना त्याचं काही नाही. मला आहे.
रविवारी यांचं कपाट रिकामं करायचं. नक्की. हे जाऊन दोन वर्षं झाली, आता त्यात रडण्यासारखं काही उरलेलं नाही.

५ मार्च
प्रोफाइल सुरू. खून करून निघतानाही जो दिवे घालवतो, त्याला वीजबिलाची धास्ती असणार. म्हणजे पुरुष, पन्नाशी उलटलेला, पगारदार. असा माणूस आपण खोलीत वाचत बसलेलो असताना दिवा घालवतो आणि वर, अगं, तू होतीस होय, म्हणतो. हे पुस्तकात नाही. माझं मला सुचलं.

८ मार्च, रविवार
वन्सं पिशव्या घेऊन आल्या. कपाट होऊ शकलं नाही. टाचा कशा झिजतात ते अभ्यासायला बूट लागणार आहेत, असं सांगितलं. वन्सं म्हणाल्या, वहिनी, मागच्या रविवारी तुमची कंबर होती, त्याआधी पाहुणे होते, आता खुनी. आणि दादाचे शर्ट काय साक्ष देणार आहेत का? मी बूट परत कपाटात ठेवले. तपासात संयम लागतो.

११ मार्च
संशयित सापडला. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर. एकटे, अबोल, चपला कायम सरळ रेषेत. चहाला बोलावलं. आतल्या खोलीतला दिवा मुद्दाम लावून ठेवला आणि त्यांना हात धुवायला आत पाठवलं. दिवा तसाच ठेवून परत आले. बाथरूमचाही. शिवाय पंखा लावून आले. निर्दोष आहेत. पण मास्तरांचं घर चालतं कसं?

१४ मार्च
प्रोफाइल पूर्ण. खुनी डावखुरा. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतो. घोरतो, पण कबूल करत नाही. दाढी करताना शिट्टीवर एकच गाणं, तेही अर्धंच. भांडण झालं की माफी मागत नाही, गुपचूप भांडी घासून ठेवतो. मनाने वाईट नाही.
हे शेवटचं वाक्य का लिहिलं कळेना. राहू दिलं. खुन्याबद्दल आपुलकी वाटू द्यायची नाही, असं पुस्तकात बजावलंय. तेवढी मी पक्की आहे.

१६ मार्च
वन्सं आणि मी पोलीस चौकीत गेलो. माझा चष्मा घरी राहिला, म्हणून वन्संनीच साहेबांना प्रोफाइल वाचून दाखवलं. आधी ठसक्यात, मग हळू. शिट्टीपाशी थांबल्याच. साहेब म्हणाले, बाई, एवढं बारीक माहीत आहे म्हणजे माणूस ओळखीचा दिसतो. राहतो कुठे? वन्सं म्हणाल्या, साहेब, हा माझा दादा आहे. वारला. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. हे साम्य निव्वळ योगायोगाचं आहे, असं मी स्पष्ट केलं.
परतताना वन्संनी वाटभर माझा हात धरला होता. त्यांना रस्ता ओलांडायची भीती वाटते.

१९ मार्च
खुनी सापडला. सव्वीस वर्षांची मुलगी, घरोघर पाण्याचे फिल्टर विकणारी. उजव्या हाताची. तिन्ही खून भरदुपारी झाले होते. दिवे कोणी लावलेच नव्हते.
पुस्तक मुदतीआधीच परत केलं. भाषांतर वाईट होतं.

२२ मार्च, रविवार
कपाट रिकामं झालं. वन्संनी घड्या घातल्या, मी देखरेख केली. बूट ठेवले. तपास संपला तरी नमुने जपायचे असतात. वन्सं चक्क हो म्हणाल्या.

२३ मार्च, सकाळी
काल आतल्या खोलीतला दिवा मुद्दाम चालू ठेवून झोपले. उठल्यावर जाऊन बघितलं. चालूच होता.
मीच बंद केला.