चार पदरी जीन्सवर न अडणारी मशीन

सूनबाई,

मी शिलाई मशीनच्या दुकानात पुढे गेले आहे. तू नीट खाऊन ये. रिकाम्या पोटी आलीस तर दुकानदार म्हणेल ते खरं मानशील. तो मेला नुसत्या पांढऱ्या चिंधीवर शिवून दाखवतो, म्हणून घरचीच कापडं पिशवीत घेतली आहेत. तुझ्या नवऱ्याची जीन्स, पडद्याचं जाड कापड आणि छोटीच्या फ्रॉकची मलमल. जी जीन्सच्या चार पदरांवर अडणार नाही आणि मलमल गोळा करणार नाही, तीच घ्यायची. नक्षीचे शंभर टाके काय चाटायचे आहेत?

सुईत आपोआप दोरा ओवणारी मात्र हवीच. काल पडद्याची शिवण वाकडी गेली, ती तू जुन्या मशीनला हात लावलास म्हणून नव्हे. मला सुईच धड दिसत नव्हती. पाहुण्यांसमोर तुला बोलले, ते माझं चुकलं. डोळ्यांचं कुणाला सांगू नकोस, तुझ्या नवऱ्याला तर मुळीच नाही. त्याला एवढंच म्हणावं, आज दुसरी पॅन्ट घाल.

लवकर ये. मशीनवर तूच बसून बघ, कारण यापुढे शिवणार तू आहेस. चुका काढायला मी शेजारी आहेच.

तुझी सासू